दिव्यांची पंगत

शाळेच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या कार्यक्षेत्राविषयी चार शब्द लिहावेत, असे मुख्याध्यापक सरांचे पत्र आले, तेव्हा प्रथम मी संकोचलो. या अंकात प्राध्यापक झालेले, दवाखाने चालविणारे, शासकीय सेवेत मानाच्या जागी पोहोचलेले माझे वर्गबंधू लिहिणार, हे मला ठाऊक होते. माझा व्यवसाय लायटिंगचा. पाचोरा, भडगाव, चाळीसगाव, जामनेर या पट्ट्यात लग्ने, जयंतीच्या मिरवणुका, गणेशोत्सव, नवरात्र अशा निमित्तांनी दिव्यांची आरास करून देणे, एवढेच मला येते. तथापि या धंद्यातील एक वस्तू अशी आहे की तिच्याविषयी बोलू लागलो तर घरची माणसे उठून जातात, तरी मी थांबत नाही. रंगीत दिव्याच्या पोटात बसविलेली, कधी मोहरीहून लहान तर कधी ज्वारीच्या दाण्याएवढी असलेली चिप, ती ही वस्तू. तिच्याविषयीच लिहितो. मात्र तसे करताना आपल्या शाळेत घडलेली एक जुनी गोष्ट सांगितल्यावाचून मला पुढे जाता येणार नाही.

मी आठवीत असतानाची ती गोष्ट आहे. १४ एप्रिलच्या जयंतीसाठी शाळेच्या प्रवेशद्वारावर मिरची बल्बच्या माळा लागत. माळा भाड्याच्या असत. गावातील एक मंडप-लाऊडस्पीकरवाले काका त्या शाळेला जवळजवळ फुकटच देत. एका माळेत सहा व्होल्टचे चाळीसेक बल्ब एकामागून एक जोडलेले. घरातील २३० व्होल्ट त्या चाळिसांनी आपसात वाटून घ्यायचे, अशी ती व्यवस्था. त्यामुळे एक बल्ब फुटला की वाट तुटे आणि सगळी माळ अंधारात जाई. कोणता बल्ब गेला हे माळ सांगत नसे. टेस्टर घेऊन एकेक होल्डर तपासत बसावे लागे, आणि ते काम मी मोठ्या हौसेने अंगावर घेतले होते.

सुटे बल्ब संपले होते. मी एक युक्ती शोधली. फुटलेल्या बल्बच्या जागी दोन्ही तारा सोलून एकत्र पिळल्या की माळ पुन्हा पेटते, आणि आश्चर्य म्हणजे अधिकच तेजाने पेटते. दोन संध्याकाळींत मी असे अकरा पीळ दिले. उरलेल्या बल्बांच्या वाट्याला आता सहाऐवजी आठ व्होल्ट येत होते, हे गणित मला पुढे आयटीआयत कळले. त्या वेळी मला फक्त माळ सुंदर दिसत होती. जयंतीच्या सायंकाळी मिरवणूक वळणावर आली आणि संपूर्ण माळ एकदा पांढरी चमकून काळी पडली. बटण दाबण्याची पाळी त्या दिवशी माझ्याच बाकावर बसणाऱ्या एका मुलाची होती. त्याने काहीतरी खेळ केला असावा, असे गृहीत धरले गेले. आठ दिवस त्याने जेवणघर झाडले. त्याने मला तारा पिळताना पाहिले होते. तो बोलला नाही. रोज सकाळच्या वंदनेत चौथे शील म्हणताना तो माझ्या डाव्या बाजूस उभा असे, आणि मीही बोललो नाही.

त्या उन्हाळी सुट्टीत मी त्याच काकांच्या दुकानी कामाला लागलो. माझा हात डावखुरा आहे. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी एक तार जोडत असता काकांनी ती माझ्या हातातून घेतली, उलटसुलट पाहिली आणि विचारले, "हाऊ पीळ तुनाच शे ना रे?" शाळेतून परत आलेल्या माळेतले अकरा उलटे पीळ त्यांनी पाहून ठेवले होते. त्यांनी शाळेत काही कळविले नाही. बल्बांची किंमत माझ्या मजुरीतून कापली, आणि सुट्टी संपली तरी रविवारी येत जा म्हणाले.

काकांचा जुना चेजर मी तेथेच पाहिला. मोटारीवर फिरणारा लाकडी ढोल, त्यावर ठोकलेल्या तांब्याच्या पट्ट्या, आणि त्यांना घासत राहणाऱ्या पत्र्याच्या जिभा. ढोल फिरला की चार माळा आळीपाळीने पेटत आणि प्रकाश धावल्याचा भास होई. ठिणग्या उडत, पट्ट्या काळ्या पडत, दर तासाला पॉलिश पेपर मारावा लागे. पुढे आयटीआयत मी ५५५ आणि ४०१७ या दोन चिप वापरून तेच काम बिनआवाजाचे केले, तेव्हा काकांनी मंडळी गोळा करून ते दाखविले. परंतु दोहोंतही मर्यादा एकच होती. चार तारा, चार गट. कोणता बल्ब कोणत्या गटात, हे तार जोडतानाच कायमचे ठरून गेलेले. तिसऱ्या गटातील एखाद्याच बल्बाला 'तू आता निळा हो' असे सांगण्याची सोय नव्हती. शिवाय निळा प्रकाश हवा तर बल्बाला निळा रंग फासायचा, आणि तो उन्हाने उडायचा. खरा तेजस्वी निळा एलईडी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस जपानमध्ये सिद्ध झाला. त्याबद्दल अकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल मिळाले. लाल आणि हिरवा आधीपासून होते. निळा मिळाला आणि तिघांच्या मिश्रणातून रंगांचे दालन उघडले. आपल्या जयंतीला ज्या निळ्या रंगाचे महत्त्व, तोच सर्वांत उशिरा हाती यावा, याचे मला अजून नवल वाटते.

२०१० नंतरच्या दोन-चार वर्षांत मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत चिनी बनावटीच्या नव्या माळा दिसू लागल्या. त्यांना तारा तीनच. एक ५ किंवा १२ व्होल्टची, एक ग्राउंडची आणि एक संकेताची, म्हणजे डेटाची. आणि या एकाच तारेवरून माळेतील प्रत्येक दिव्याला वेगळा रंग सांगता येई. चिपचे नाव डब्ल्यूएस २८११. ती दिव्याच्या शेजारी बसते. तिचीच धाकटी बहीण २८१२ ही दिव्याच्या आतच, पाच मिलिमीटरच्या चौकोनात मावते. पहिली माळ आणली तेव्हा मला वाटले, प्रत्येक दिव्याला कारखान्यातच एकेक क्रमांक दिलेला असेल. बाजारात त्यांना 'अ‍ॅड्रेसेबल' म्हणतात, म्हणजे पत्ता असलेले दिवे. मी भिंगाखाली पुष्कळ शोधले. पत्ता कोठेच नव्हता.

उत्तर माझ्या आठवणीतच होते. आपल्या जेवणघरात आम्ही ओळीने मांडी घालून बसत असू. वाढपी वरणाची बादली पहिल्या मुलापुढे ठेवी. त्याने आपली पळी वाढून घ्यायची आणि बादली पुढच्याकडे सरकवायची. सत्तराव्या मुलाचे वरण सत्तराव्या मुलालाच का मिळे? त्याच्यावर क्रमांक होता म्हणून नव्हे. आधीच्या एकोणसत्तरांनी आपापली पळी काढून घेतली होती म्हणून. ही चिप नेमके असेच करते. कंट्रोलर सगळ्या दिव्यांचे रंग एका दमात तारेवर सोडतो. पहिली चिप त्यातील पहिले २४ बिट स्वतःसाठी ठेवते (प्रत्येक रंगाचे ८, म्हणून प्रत्येकी २५६ पायऱ्या) आणि उरलेले सारे पुढे जाऊ देते. दुसरीला जे प्रथम मिळते ते तिचे. शेवटी तार थोडा वेळ शांत राहिली की सर्वजणी एकदम मिळालेला रंग दाखवितात. हा 'थोडा वेळ' म्हणजे निदान ५० मायक्रोसेकंद, काही नव्या आवृत्त्यांत २८०. पंगतीत सर्वांना वाढून होईपर्यंत कोणी घास घेत नसे, तसेच हे.

शून्य आणि एक यांची खूणही मोठी साधी आहे. प्रत्येक बिटाला सव्वा मायक्रोसेकंद मिळतो. त्यात तार थोडाच काळ वर राहिली तर शून्य, बराच काळ राहिली तर एक. म्हणजे एका दिव्यास ३० मायक्रोसेकंद, आणि हजार दिव्यांस तीस मिलिसेकंद. सेकंदाला तेहतीस चित्रे. आणखी एक गुण मला फार आवडतो. चिप आलेला संकेत तसाच ढकलत नाही, तो नव्याने घडवून पुढे देते. त्यामुळे माळेच्या टोकाशी तो क्षीण होत नाही. खरा धोका असतो तो कंट्रोलरपासून पहिल्या दिव्यापर्यंतच्या तारेत. आजचे स्वस्त कंट्रोलर ३.३ व्होल्टवर बोलतात, तर ५ व्होल्टवर चालणाऱ्या चिपला निदान साडेतीन व्होल्ट आल्याशिवाय 'एक' ऐकू येत नाही. ही दोन दशांशांची तफावत न कळल्याने कित्येक होतकरू मुलांनी चांगल्या माळा नादुरुस्त समजून फेकून दिलेल्या मी पाहिल्या आहेत. मध्ये ७४एएचसीटी१२५ सारखी एक छोटी चिप बसविली की काम भागते.

या व्यवस्थेचा दोषही तिच्या गुणातच आहे. प्रत्येक दिव्याला वीज स्वतंत्र मिळते. पण निरोप मात्र शेजाऱ्याच्या हातून येतो. एक चिप मेली की तिच्या पलीकडे पंगत उपाशी. मिरची बल्बची जुनी खोड नव्या रूपात परत आली म्हणा. फरक एवढाच की ही माळ आपला दोष कोठे आहे ते सांगते. जेथपर्यंत प्रकाश आहे तो शेवटचा दिवा, किंवा त्यापुढचा पहिला, या दोघांत चोर असतो. पुढे २८१३ आणि २८१५ या चिपमध्ये डेटाची राखीव तार आली. शेजारी मेला तर त्याच्या अलीकडल्याकडून निरोप मिळतो. एपीए १०२ जातीत डेटासोबत ठोका देणारी वेगळी तार असते, त्यामुळे वेळेचे सोवळे पाळावे लागत नाही. पण ती महाग. मिरवणुकीच्या गाडीवर, जेथे धक्के बसणार, तेथे मी २८१५ च वापरतो. मग शाळेच्या ध्वजासाठी साधी २८११ का घेतली? दुकानात शिल्लक होती म्हणून. खोटे कशाला सांगू?

महोत्सवी वर्षाच्या जयंतीला प्रवेशद्वारावर दिव्यांचा धम्मध्वज करून द्यावा, अशी माझीच इच्छा होती. १८८५ साली श्रीलंकेत प्रथम फडकलेला हा ध्वज आपण सर्वजण लहानपणापासून कागदावर रंगवीत आलो आहोत: निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी असे पाच उभे पट्टे, आणि सहाव्या पट्ट्यात हेच पाच रंग एकाखाली एक. ३६ स्तंभ आणि २५ रांगा, असे ९०० पिक्सेल मी धरले. पन्नासांच्या अठरा माळा. साडेसात सेंटिमीटर अंतराने छिद्रे पाडली तेव्हा नऊ फूट रुंद, सहा फूट उंच फलक झाला. माळ वरच्या डाव्या कोपऱ्यातून निघून शेतात तास काढताना बैल वळतात तशी वळत खाली आली. म्हणून प्रोग्राममध्ये एकाआड एक रांग उलटी मोजावी लागते.

पहिल्यांदा पेटविला तेव्हा निळा आणि पांढरा अचूक, बाकीचे तिन्ही पट्टे हिरवट! माझ्या मुलीला वाटले, रंग बिघडले. रंग ठीक होते. काही चिप लाल-हिरवा-निळा या क्रमाने वाढून घेतात, काही हिरवा-लाल-निळा या क्रमाने. मी प्रोग्राममध्ये चुकीचा क्रम लिहिला होता. निळ्याची जागा दोहोंत तीच, आणि पांढऱ्यात तिघे सारखेच. म्हणून ते दोन बचावले.

खरे कष्ट पडले ते पिवळा आणि केशरी वेगळे दिसावेत यासाठी. दोन्ही लाल-हिरव्याच्या मिश्रणातून होतात. कागदी हिशेबाने केशरीत हिरवा अर्धा हवा. तसे केले तर दुरून दोन्ही पिवळेच. याचे कारण आपल्या डोळ्यात आहे. चिप दिवा मंद करते ती वीज कमी करून नव्हे, तर सेकंदाला शेकडो वेळा त्याची उघडझाप करून. अर्धा वेळ पेटलेला दिवा डोळ्याला अर्धा वाटत नाही, पाऊणहून थोडा कमी इतका तेजस्वी वाटतो. त्यासाठी २५६ आकड्यांचा एक दुरुस्ती-तक्ता प्रोग्राममध्ये ठेवावा लागतो. अखेर केशरीत हिरवा ६० वर आणला, पिवळ्यात १३० वर, आणि रस्त्यापलीकडे उभे राहून पाहिले. पाली यादीत या जागी केशरी नाही, 'मंजेठ' आहे, म्हणजे मंजिष्ठाचा तांबूस रंग. आणि सहावा 'पभस्सर'. संस्कृतच्या सरांनी शिकविलेले हे शब्द मला त्या रात्री रस्त्यावर आठवले. त्यामुळे केशरी थोडा तांबूस झुकला तरी मी तसाच राहू दिला.

विजेचा हिशेब थोडक्यात सांगतो, कारण नव्या मुलांच्या चुका येथेच होतात. एक पिक्सेल पूर्ण पांढरा पेटला तर साधारण ६० मिलिअँपिअर घेतो. नऊशेचे झाले ५४ अँपिअर. प्रत्यक्ष ध्वज २८ च्या आसपास घेतो, त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा एकटा पांढरा पट्टा. मी ४० अँपिअरचे दोन पॉवर सप्लाय लावले. इतके मोठे कशाला, असे विचारणाऱ्याने एप्रिलातल्या पाचोऱ्यात दुपारी पत्र्याच्या पेटीला हात लावून पाहावा. शिवाय दर दोन माळांनंतर वीज नव्याने सोडावी लागते. तसे न केल्यास पांढरा टोकाकडे तांबूस होत जातो, कारण निळ्या आणि हिरव्याला तीन व्होल्ट लागतात, लाल दोनावरही भागवतो; ओढाताणीत तोच शेवटपर्यंत टिकतो.

जयंतीच्या सायंकाळी सात वाजता ध्वज पेटला. वाऱ्यावर हलल्यासारखी प्रकाशाची लाट डावीकडून उजवीकडे जाई. लहान मुले तिच्याबरोबर धावत होती. काका आता नाहीत. ते असते तर काही बोलले नसते, फक्त मागे जाऊन जोड पाहिले असते. पावणेआठच्या सुमारास, भाषणे चालू असता, मला दिसले की वरच्या अर्ध्या भागात लाट चालू आहे, खालचा अर्धा मात्र निश्चल आहे. निरोप येणे थांबले तरी ही चिप विझत नाही. शेवटचा रंग धरून बसते. रंग सारे जागेवर होते. समोरच्या पाच-सहाशे माणसांपैकी कोणाच्या काहीच लक्षात आले नाही. भाषण मध्ये थांबवून शिडी लावण्यापेक्षा असेच राहू द्यावे, असे मी ठरविले. खरे सांगायचे तर, कोणाला कळले नाही याचे मला बरे वाटले.

नऊच्या आधी वीज गेली आणि दोन मिनिटांनी आली. वरचा अर्धा ध्वज पेटला, खालचा अर्धा काळा राहिला. लोक हळहळले. मी शिडीकडे धावलो, तेव्हा आठवीतला एक मुलगा माझ्यामागे बॅटरी घेऊन आला. त्याने विचारले, "सर, खालचा भाग वीज जायच्या आधीच थांबला होता ना?" माझ्या ओठांवर 'नाही, आत्ताच गेला' हे आले होते. का आले, हे मला अजून सांगता येत नाही. त्या मुलाकडून मला काहीच भय नव्हते. मी म्हणालो, "हो. तासाभरापूर्वी. मी पाहिले होते." तो म्हणाला, "मलापण वाटलं, पण म्हटलं तुम्ही मुद्दाम केलं असेल."

आम्ही मागे गेलो. तेराव्या रांगेच्या बरोबर मध्यावर, ४५० आणि ४५१ या दिव्यांमध्ये, नववी माळ संपून दहावी सुरू होते. जोड माझ्या हातचा होता. दिवसभराच्या उन्हात फलक तापला, रात्री आकसला, आणि सोल्डर नीट वितळलेच नव्हते ते सुटले. तारेला उलटा पीळ होता. मुलाने बॅटरी धरली, मी जोड पुन्हा केला. पाच मिनिटे लागली. खालचा अर्धा पेटला आणि लाट पुन्हा टोकापर्यंत गेली.

ही स्मरणिका सर्व माजी विद्यार्थ्यांकडे पोहोचणार आहे, असे पत्रात लिहिले आहे. माझ्या बाकावर बसणारा तो मित्र जामनेरकडून पीजे गाडीने येत असे. ती गाडी २०२० च्या टाळेबंदीत बंद पडली, आणि तो मला त्याआधीच पुष्कळ वर्षे भेटलेला नाही. त्याचे नाव मी येथे लिहीत नाही. लिहिण्यापूर्वी त्याला विचारावयास हवे. परंतु आठवीच्या त्या जयंतीला माळ त्याने जाळली नव्हती. मी जाळली होती. त्या वेळचे अधीक्षक सर हयात आहेत आणि स्मरणिका वाचतील, म्हणून त्यांच्यासाठीही हे लिहिले.

ध्वज मी शाळेलाच दिला आहे. तो ग्रंथालयाच्या माळ्यावर कापडात गुंडाळून ठेवलेला आहे. सोबतच्या डब्यात पंचवीस सुटे पिक्सेल, एक जादा कंट्रोलर आणि रंगांच्या आकड्यांचा कागद आहे. लावणाऱ्याने प्रथम ग्राउंडची तार जोडावी, मग डेटाची, वीज सर्वांत शेवटी. पिक्सेल बदलताना त्यावरच्या बाणाची दिशा पाहावी. बाण उलटा बसला तर निरोप जाणार नाही. खालचा अर्धा भाग थांबलेला दिसला, तर पहिली शंका तेराव्या रांगेच्या मध्यावरच्या जोडावर घ्यावी.